जमनकाकांची छिलुकं

हयातसिंग आमच्या वनखात्याच्या कचेरीत शिपाई होता. खोटं बोलायला लागते तेवढी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नव्हती, म्हणून सांगतो. सरका जवळ.

गेल्या माघातली अमावस्या, शनिवार. पहाडातलं, मुनस्यारीखालचं त्याचं गाव. शेजारचे जमनकाका वारले होते, दुपारी त्यांना नदीकाठी पोचवायचं होतं. तिकडे चूल असो की चिता, आग धरते ती छिलुकांनी, म्हणजे चीड नावाच्या झाडाच्या राळभरल्या काटक्यांनी. हयातने जुडी बांधून नेली होती. पण काकांचा मुलगा कुंदन दिल्लीहून आग पेटवायच्या पांढऱ्या वड्या घेऊन आला होता.

"हयातदा, ती जुडी ठेव बाजूला. आता कोण वापरतं?"

"या वड्यांवर आधी चहा तरी करून बघितलास का?"

"टोमणे पुरे. एक डबा घरी ने, मग बोल."

वड्या फुरफुरल्या, ज्वाळा उठल्या, बर्फ भुरभुरायला लागलं. सगळे थकलेले. ज्वाळा दिसल्या, काम झालं, असं सोयीने मानून मंडळी परतली. जुडी खडकाखालीच राहिली. घाटावर नेलेलं घरी आणत नाहीत.

हयातकडे सून बाळंतीण, नात सहा दिवसांची. रात्री चूल विझली. लाकडं ओली. त्याने कुंदनचा डबा उघडला. वर शेकोटीभोवती हसणाऱ्या गोऱ्या कुटुंबाचं चित्र. त्या मंडळींना ओलं लाकूड कधी भेटलं नसावं. वड्या जळून संपल्या. लाकूड नुसतं काळवंडलं.

तसंच तिकडे चितेचंही झालं असेल, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं.

"बौज्यू," सून म्हणाली, "हिचे पाय बघा. रडायचीही थांबलीय."

शेजार म्हणजे काकांचंच घर. सुतक, चूल बंद. बाकी घरं दरीपलीकडे. हयात बॅटरी घेऊन नदीकडे उतरला.

चितेवर बर्फ होतं. धूर नव्हता. त्याने तिकडे पाहिलं नाही. जुडी उचलली. चढण लागली. मागे पाऊल वाजलं. तो थांबला. तेही थांबलं...

घरी छिलुकं क्षणात पेटली. ओली लाकडंही धरली. बऱ्याच वेळाने पोर रडली. सून तिला कुशीत घेऊन झोपली.

मग चुलीपलीकडून दोन हात पुढे आले. ज्वाळेच्या आत. पोळत नव्हते.

"हयातू... सरक जरा."

हयात सरकला. इतका दमला होता, की भ्यायचंही त्याने उद्यावर टाकलं.

"काका... तिकडे पेटलं नाही?"

हात ज्वाळेत आणखी आत सरकले.

"तुमची छिलुकं आणली. पोरीसाठी."

"हं."

"निम्मी ठेवलीत. उजाडलं की आणतो."

"झोप काढून ये. दमलायस."

त्याला बसल्या जागी झोप लागली.

सकाळी चुलीतले निखारे कुणीतरी राखेखाली नीट झाकून ठेवले होते. नात उबेत झोपलेली.

"तू झाकलेस?"

"मी? अकरा दिवस चुलीला हात लावायचा नाही मला, बौज्यू."

राखेवर चार बोटं उमटली होती.

उरलेली छिलुकं घेऊन तो नदीवर गेला. कुंदनलाही उठवून नेलं. छिलुकं कुंदननेच रचली. दुपारपर्यंत चिता नीट जळली.

हयात परतला, चुलीपाशी वाकला. राख अजून चटका देत होती.

चार बोटांच्या खळग्यांत मात्र बर्फ होतं.