लाँग-ऑनच्या पलीकडे

शुक्रवारी सकाळी कुवेतमधली मराठी मंडळी बाजारात जात, नाहीतर क्रिकेटला. हरीश सबनीस क्रिकेटला जाई. शहराच्या कडेच्या राई भागातली गोदामांची रांग संपली की सपाट वाळू लागे. तिथे सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची मॅट ताणून पिच केलं होतं आणि बाउंड्रीला जुने टायर अर्धे पुरून चुन्याने रंगवले होते. झाड नाही, पॅव्हेलियन नाही. एका बाजूला गाड्या उभ्या राहत आणि बायका काचा अर्ध्या खाली करून गाडीतूनच मॅच बघत. दुसऱ्या बाजूला, लाँग-ऑनच्या पलीकडे, नजर पोचेल तिथवर काहीच नव्हतं.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तरच्या सीझनची. म्हणायला लीग हौशी होती. पण मोठ्या व्यापारी कंपन्या चांगले खेळाडू व्हिसा देऊन आणत, स्टोअरमध्ये नावाला कामावर ठेवत आणि शुक्रवारी मैदानात उतरवत. हरीशचं तसं नव्हतं. तो एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होता. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि दिसेल तेवढंच मानायचं, असा स्वभाव. पुण्याला कॉलेजकडून खेळलेला, आणि तीन सीझन राई इलेव्हनचा पहिल्या नंबरचा बॅट्समन. मैदानात उतरताना गाड्यांतून हॉर्न वाजत, ते आपल्यासाठी आहेत हे त्याला ठाऊक असे आणि आवडतही असे.

मग इद्रीस आला. दापोलीकडचा, सडपातळ, जेमतेम पंचविशीचा. टीमचे कॅप्टन बाळासाहेब निंबाळकर त्याला घेऊन आले तेव्हा त्याच्या अंगावरचा शर्टही धड पांढरा नव्हता.

"हरीश, हा तुझ्याबरोबर ओपन करेल," बाळासाहेब म्हणाले. "बघ तर खरं, पोरगं काय चीज आहे."

हरीश बारावर बोल्ड झाला. इद्रीसने ऐंशी काढल्या. जोर लावल्यासारखं काही दिसत नव्हतं. बॉल जणू त्याच्या बॅटवर यायला उतावीळ झालेला असे. परत जाताना गाडीत हरीशची बायको वीणा म्हणाली, "अहो, किती सहज खेळतो ना तो? त्रास म्हणून नाही जिवाला."

हरीशने गिअर बदलला, तो जरा जोरातच.

पुढच्या शुक्रवारी तो समोरच्या टोकाला उभा होता. इद्रीसने फोर मारला, हॉर्न वाजले, थांबले. सगळं शांत झालं आणि मग टाळ्या ऐकू आल्या. एकाच माणसाच्या. सावकाश, तळहातावर तळहात पूर्ण टेकवून दिलेल्या. लाँग-ऑनच्या पलीकडून, जिथे कुणी नव्हतं तिथून.

"गोदामाच्या पत्र्यांवरून आवाज उलटा येत असेल," असं त्याने स्वतःला समजावलं. लंचच्या वेळी, सगळे गाड्यांकडे गेल्यावर, पिचवर उभं राहून त्याने स्वतः टाळी वाजवून पाहिली. आवाज वाळूत जिरून गेला. उलटून काही आलं नाही.

विकेटकीपर रफीकला विचारलं, तर तो हसला. वीणाला विचारलं, तर ती म्हणाली, "कसल्या टाळ्या?"

पण त्या येत. इद्रीसच्या प्रत्येक चांगल्या फटक्याला येत. हरीशला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. असा हेवा, की आठवडाभर मायक्रोस्कोपखाली त्याला काही धड दिसेना. हॉर्न काय, कुणीही वाजवतं. या टाळ्या मात्र जाणत्याच्या होत्या. फटका खरोखर अस्सल असेल तरच येत. कड घेऊन गेलेल्या फोरला कधी नाही. जानेवारीत हरीशने स्वतः साठ रन केल्या. प्रत्येक फटक्यानंतर तो कान देऊन उभा राहिला. हॉर्न वाजले, बाळासाहेब ओरडले, "वा रे पठ्ठ्या!" पलीकडची वाळू गप्प होती.

त्या शांततेने त्याचा अपमान केला. दुसरा शब्द नव्हता त्याला.

फायनलच्या आधी एका दुपारी हॉस्पिटलमधून सुटल्यावर तो थेट राईत, इद्रीस कामाला होता त्या गोदामावर गेला. इद्रीस एअर कंडिशनरच्या खोक्यांवर कापड मारत होता. त्याने स्टूल पुढे केलं, चहा मागवला. हरीशने चहाला हात लावला नाही.

"तुझ्यासाठी टाळ्या कोण वाजवतं?"

इद्रीसच्या हातातलं कापड थांबलं. "तुमाला ऐकू येतंय, भाई?"

"कोण आहे तो?"

"ठाव नाय. गावाला खाडीच्या मैदानावर पहिली सेंचुरी मारली, तवापासून हाय. तवा लांब होता, पार खाडीच्या पल्याड. खेल चांगला झाला की जरा पुढं येतो." तो एका खोक्यावर टेकला. "म्हणून तर मी मधीच बॅट फेकतो. ऐंशीला, सत्तरला. बाळासाब शिव्या घालतात. इकडं दर्या ओलांडून आलो, म्हटलं तो तिकडंच राहील."

हरीशला आठवलं, इद्रीस दरवेळी किती फालतू फटक्यावर आऊट व्हायचा ते. म्हणजे हा जाणूनबुजून विकेट टाकत होता, आणि तरीही टाळ्या यालाच!

"नको आहे ना तुला?" तो म्हणाला. "मग मला दे."

इद्रीस झटक्यात उठला. "असं तोंडानं मागू नका, भाई."

"मागतोय. दे."

इद्रीसने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. सुटका दिसू लागल्यावर माणसाला जी लाज वाटते, ती होती.

फायनलच्या दिवशी हवा पिवळट होती. वाऱ्याने बारीक धूळ उचलली होती, दातांखाली कचकचत होती. समोरच्या टीमने मोठा स्कोअर केला होता. हरीश आणि इद्रीस ओपनिंगला उतरले. ओव्हरच्या शेवटच्या बॉलवर इद्रीस चाळिशीत पोचला तेव्हा टाळ्या टायरांच्या अलीकडून आल्या.

इद्रीसने ग्लव्हज काढले. "पाय भरलाय," असं त्याने अंपायरला सांगितलं आणि अजिबात न लंगडता चालू लागला. हरीशजवळून जाताना हळूच म्हणाला, "आता तुमी."

पुढचा बॉल हरीशने सरळ ड्राइव्ह केला. हातांना काही जाणवलंसुद्धा नाही. बॉल टायरवर आपटला. हॉर्न वाजले, थांबले.

आणि टाळ्या आल्या.

त्याच्यासाठी. सावकाश, एकेक, मोजून मापून दिल्यासारख्या. हरीशचे डोळे भरून आले. आयुष्यभर याचीच तर वाट पाहिली होती, असं त्याला वाटलं. तो खेळत सुटला. बॉलरच्या हातातून सुटण्याआधीच बॉल कुठे पडणार ते कळत होतं. पन्नास झाल्या. सत्तर झाल्या. धुळीत समोरचं पुसट झालं, तरी त्याची बॅट चुकेना.

नव्वदीत टाळ्या मिड-ऑनच्या जागेवरून आल्या. तिथे समोरच्या टीमचा फील्डर उभा होता, गुडघ्यांवर हात टेकून.

हरीशने ठरवलं, आता पुरे. पुढच्या बॉलला त्याने मुद्दाम आडवी बॅट फिरवली.

बॉल सिक्स गेला.

पुन्हा फिरवली. डोळे मिटून. फोर.

टाळ्या आता अंपायरच्या मागून येत होत्या.

मग पिचवरून.

मग त्याला वाऱ्याची दिशा बदलल्यासारखी वाटली, कारण उजव्या कानाला धूळ लागायची थांबली. तिथे कुणीतरी आडोसा केल्यासारखी.

मॅच जिंकली. सगळे धावत आले. बाळासाहेबांनी त्याला मिठी मारली, रफीकने उचललं. लांब एका पिकअपच्या मागे इद्रीस पाण्याची बाटली डोक्यावर ओतून घेत होता. ताप उतरलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा हलका झाला होता. हरीशने हात केला. इद्रीसने पाठ फिरवली.

भर दुपारी तो डॅटसनमध्ये येऊन बसला. वीणा खूश होती. बोलत होती, हसत होती. "आज तर तुम्ही कमालच केलीत! शेजारच्या गाडीतल्या शामलावहिनी म्हणाल्या, संध्याकाळी सगळ्यांना बोलवा. मी म्हटलं, या की. श्रीखंड आहेच फ्रिजमध्ये."

हरीशने किल्ली फिरवली. काचा वर केल्या. बाहेरचा गोंगाट बंद झाला. गाडीत दोघंच होती, मागची सीट रिकामी. नीरव शांतता होती. टाळ्या नव्हत्या. त्याने मोठा श्वास सोडला.

"भाजी काय करू?" असं विचारता विचारता वीणाने सीटखालची कडी ओढली आणि आपली सीट पुढे सरकवून घेतली. गुडघे डॅशबोर्डला टेकेपर्यंत.

"हे काय करतेस?" हरीशने विचारलं.

वीणाने खाली पाहिलं. क्षणभर तिला स्वतःलाच कळेना.

"काही नाही हो," ती म्हणाली. "मागे त्यांचे पाय अवघडत होते."