मामांचा ठेका

या, अशा जवळ सरका. एका घाणेरड्या टाकीची गोष्ट सांगते. पण उठाल तेव्हा हात आपोआप जुळलेले असतील.

शहराचं सांडपाणी स्वच्छ करून नदीत सोडायचं एक केंद्र होतं. तिथं गाळ तपासायचं काम एक भाची करायची. आधी ते तिच्या मामांकडे होतं. मागल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांनीच तिला शिकवलं होतं. काचपट्टीवर गाळाचा थेंब ठेवायचा, भिंगातून बघायचं. देठांवर इवल्या इवल्या घंटा डुलताना दिसायच्या. एकेका पेशीचे जीव, पण खाऊन खाऊन पाणी नितळ करणारे. मामा टेबलावर दोन बोटांनी ठेका धरायचे: दोन थापा लागोपाठ, तिसरी जरा थांबून. धक्का बसला की घंटा देठासकट आकसायच्या.

"बघ, नमस्कार घातला," मामा म्हणायचे. "पडलेलं पान बुरशी जिरवते, आपली घाण हे जिरवतात. देवाघरची भांडी घासणारी मंडळी ही. यांचे आभार मानल्याशिवाय घास घेऊ नये बाई."

एके सकाळी कोणीतरी गटारात विषारी रसायन ओतलं. टाकीवरचा तपकिरी फेस पांढरा पडला. ओल्या मातीचा वास जाऊन नाकाला झोंबणारा वास सुटला. भाचीनं थेंबामागून थेंब पाहिले. घंटा होत्या, पण किती ठेका धरला तरी एक हलेना. केंद्राच्या साहेबांनी हात टेकले. टाकी काठोकाठ आली होती. दिवस मावळायच्या आत नदीकडची झडप उघडणं भाग होतं. ते पाणी खालचं गाव पिणार, आणि तिथं भाचीची बहीण बाळंतीण होती. बहिणीला फोन करता येईल, अख्ख्या गावाला कोण सांगणार?

खिडकीत मामांची बरणी होती. तळाशी गाळाची वाळकी खपली. असे जीव कवचात मिटून सुकेपणातही तग धरतात, हे तिला ठाऊक होतं. साहेब म्हणाले, एवढ्याशा गाळानं काय होणार, दर्यात खसखस. तरी तिनं खपली भिजवली, टाकीत ओतली आणि हात जोडले.

दुपार कलली. फेस तपकिरी होऊ लागला.

ओल्या मातीचा वास आला.

साहेब स्वतः भिंगाशी बसले. एकामागून एक काचपट्टी बदलून पाहिली.

"सगळ्या जिवंत आहेत," ते शेवटी म्हणाले. "एवढ्यात कशा?"

भाचीचे डोळे भरून आले.

"आणि टेबल वाजवू नकोस गं," साहेब मान न उचलता म्हणाले. "सारख्या आकसतायत."

भाची दारात उभी होती. दोन्ही हातांत मामांची रिकामी बरणी.

टेबलावरच्या चहात तरंग उठत होते. दोन लागोपाठ. तिसरा जरा थांबून.

संध्याकाळी नदीत पाणी गेलं ते नितळ. तुम्हीही हात धुवाल, मोरीतून पाणी खाली जाईल. खालून तो ठेका ऐकू आला तर भिऊ नका. मामा कामावर आहेत. तेवढी त्यांची आठवण असू द्या.