जरा गोरी करा

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. कुठून तरी ऐकून मीठमसाला लावलेली नाही. ज्यांना टिंगल करायची आहे त्यांनी खुशाल करा, फक्त तिच्यासमोर करू नका. तिचा चेहरा पाहिलात तर तोंडातला शब्द तोंडातच राहील.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. स्मशान तर नव्हतंच नव्हतं.

चार वर्षांपूर्वीची, पितृपक्षातली भर दुपार होती. घणसोलीतला रस्त्यावरचा फोटो स्टुडिओ. बाहेर रिक्षावाले भांडत होते.

सुचित्रा तिथे कॉम्प्युटरवर जुने फोटो नीट करायचं काम करते. पितृपक्ष आला की या लोकांना मान वर करायला फुरसत नसते. ज्याला त्याला गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून हवा असतो. फाटलेलं जोडा, बनियनवर कोट चढवा, कपाळाला कुंकू लावा. आणि एक मागणी तर हमखास.

जरा गोरं करा.

त्या दिवशी तळवली गावातले जोतीराम म्हात्रे आले. सत्तरी ओलांडलेले. पिशवीतून एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. विशीतली बाई. ओठ घट्ट मिटलेले.

"माजी पयली बायको हाय पोरी. लगीन झाला नि दोन वरसांत गेली. अविधवा नवमीला लावायचा हाय. रंगीत कर."

"काका, रंग कसा होता त्यांचा? गोऱ्या की सावळ्या?"

म्हातारा दाराबाहेर बघत राहिला.

"आता कसा सांगू? लय वरसा झाली. तू आपली जरा गोरी कर."

स्टुडिओचे मालक हौसेराव काउंटरवरून म्हणाले, "कर गं. आपल्या बापाचं काय जातंय?"

सुचित्रा कामाला लागली. साडी हिरवी केली. चोळी जांभळी केली. कुंकवाला लाल चार प्रकारचे लावून बघितले, त्यातला एक बसला.

चेहऱ्याचा रंग काही केल्या बसेना. एक घेतला तर बाई हळद लावल्यासारखी पिवळी दिसे. दुसरा घेतला तर वीट. तिसरा लावला आणि सुचित्राने घाईघाईने पुसला, कारण त्यात ती नुकतीच मेल्यासारखी दिसत होती.

अशा वेळी हे लोक एक सोपी युक्ती करतात. दुसऱ्या माणसाचा चांगला फोटो उघडतात आणि ड्रॉपरने त्याच्या चेहऱ्यावर क्लिक करतात. तिथला रंग उचलला जातो, तो इकडे भरायचा. उचलला म्हणजे नुसती नक्कल होते हं. ज्याचा रंग घेतला त्या फोटोला काहीही होत नाही.

काहीही व्हायला नको होतं.

सुचित्राने मोबाइलमधला ईश्वरीचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला. ईश्वरी म्हणजे तिची लेक, पाच वर्षांची. गोरीपान, गोबऱ्या गालांची. लेकीच्या डाव्या गालावर तिने क्लिक केलं आणि तो रंग बाईच्या चेहऱ्यावर भरला.

बाई जिवंत झाली.

म्हणजे तसं दिसलं... असं सुचित्राला वाटलं. हौसेरावसुद्धा उठून बघायला आले. "वा! काय काम केलंस!"

त्याच वेळी तिच्या हेडफोनमध्ये गाणं मध्येच थांबलं. आणि कुणीतरी खोल श्वास घेतला...

खूप वेळ पाण्याखाली राहिलेलं माणूस वर येऊन घेतं, तसा.

संध्याकाळी घरी गेली तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "अगं, पोरीच्या गालाला काय लागलंय बघ. धुतलं तरी जात नाही."

ईश्वरीच्या डाव्या गालावर बोटाच्या टोकाएवढा डाग होता. पांढरा नाही, काळा नाही. करडा. जुन्या फोटोतल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर बाईचा चेहरा फिका पडलेला. "सेव्ह केलं नसशील," हौसेराव म्हणाले. सुचित्राने पुन्हा ईश्वरीचा फोटो घेतला. या वेळी कपाळावर क्लिक केलं. मग हनुवटीवर.

हेडफोनमध्ये पुन्हा तो श्वास... आणि मागोमाग बायकी आवाज. अगदी कानाला लागून.

"आजून दे."

सुचित्राने हेडफोन फेकला. तेवढ्यात मोबाइल वाजला. बालवाडीच्या बाई होत्या. ईश्वरी पांढरीफटक पडली होती. तिला घेऊन जा म्हणत होत्या.

तेव्हा कुठे सुचित्राचं लक्ष स्क्रीनवरच्या लेकीच्या फोटोकडे गेलं.

फ्रॉक गुलाबी होता. मागची भिंत निळी होती.

चेहरा ब्लॅक अँड व्हाइट झाला होता.

मोबाइलमधले बाकीचे फोटो तिने उघडले. वाढदिवसाचा, वॉटर पार्कचा, बारशाचा. सगळ्या फोटोंत तेच. माझी बहीण रडत नाही कधी. त्या दिवशी तिने स्टुडिओत गिऱ्हाइकांसमोर हंबरडा फोडला.

डॉक्टरने रक्त तपासलं. रिपोर्ट नॉर्मल. "घाबरू नका, टॉनिक देतो." डोंबल! पोरीची हनुवटी करडी, कपाळ करडं, आणि आता ओठ करडे व्हायला लागलेले. पोर झोपूनच होती. आई म्हणून हाक मारायची तीसुद्धा मोठ्या कष्टाने.

सुचित्राने जोतीरामना फोन करून स्टुडिओत बोलावलं आणि सरळ त्यांच्या शर्टाला धरलं.

"काका, खरं सांगा! कशी होती ती?"

म्हातारा खुर्चीत बसला. मग रडायला लागला.

"काली होती पोरी. काली कुलकुलीत. माजी आई तिला पंगतीत बसू द्यायची नाय. लोकांत नेतांना मना पन लाज वाटाची. येक दिस तिनी तोंडाला चुना फासला, मंग लाज वाटाची नाय म्हनून. सगला तोंड भाजला. त्यातच गेली." त्यांनी डोळे पुसले. "रंग मना ध्यानात हाय. सांगाची लाज वाटली."

सुचित्राला तिची दया आली. खरंच आली. तिने वाटेल तेवढा वेळ घेऊन सुंदर काळा रंग निवडला, तुकतुकीत, आणि ईश्वरीचा रंग पुसून तो भरला. मनातल्या मनात माफीही मागितली. आता ही शांत होईल असं तिला वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल.

फोटोतल्या बाईचे घट्ट मिटलेले ओठ उघडलेले होते...

दात दिसत होते.

स्पीकर बंद होता, तरी त्यातून आवाज आला. जोतीरामनी तो ऐकला आणि ते खुर्चीतून खाली पडले.

"नको. ह्यो नको. त्योच दे."

सुचित्राच्या डोळ्यांसमोर काळा रंग निथळून गेला. माऊसला कुणाचा हात नव्हता... आणि ड्रॉपर हळूहळू सरकत ईश्वरीच्या फोटोकडे निघाला. ईश्वरीच्या डोळ्यांकडे.

आई काय करील? जे कुणीही आई करील तेच तिने केलं. स्वतःचा लग्नातला फोटो उघडून मध्ये ठेवला.

"पोरीला सोड," ती म्हणाली. "माझा घे."

ड्रॉपर थांबला. मग वळला. क्लिक. क्लिक. क्लिक. हौसेरावांनी कॉम्प्युटरची वायर उपटून काढली, तरी आवाज येतच राहिला.

ईश्वरी आता ठणठणीत आहे. शाळेत जाते, दंगा करते. गालावर एक करडा ठिपका तेवढा राहिलाय.

सुचित्राचं सांगते. तिचं तोंड, मान, हात, सगळं राखेच्या रंगाचं झालंय. पावडर, लिपस्टिक लावून बाहेर पडते. लोक सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिच्यासोबत चढत नाहीत.

तळवलीत तो फोटो हॉलमध्ये लावलाय. जोतीराम गेल्या वर्षी वारले. फोटो काढून समुद्रात टाकला तर दुसऱ्या दिवशी भिंतीवर होता, असं त्यांची सून सांगते. बाई दिसते मात्र देखणी. गोरीपान. गालावर लाली.

फक्त दरवर्षी पितृपक्षात ती फिकी पडते. आणि ईश्वरीचा तो ठिपका वाढायला लागतो. मग सुचित्रा तळवलीला जाते, पुन्हा आपला रंग देऊन येते. गेल्या वर्षीही गेली होती.

परवा पितृपक्ष सुरू झाला आणि ठिपका पुन्हा वाढायला लागला.

काल सुचित्राचा मला मेसेज आला. "ताई, माझ्यात आता काही उरलं नाही गं. तुझा एखादा उन्हातला फोटो आहे का? चेहरा स्पष्ट दिसेल असा."

मी उत्तर दिलेलं नाही. मेसेज वाचल्याचं तिला दिसलंय. लगेच माझा डीपीही काढून टाकला.

पण तो डीपी उन्हातलाच होता, आणि आज सकाळपासून ईश्वरी बरी आहे म्हणे.