गाडी मागे घेताना

निवृत्त झाल्यावर माणसाला आपल्या घरात किती निरुपयोगी वस्तू आहेत ते कळतं. आम्ही मिनेसोटातलं घर विकलं तेव्हा तळघरातून तीन इस्त्र्या निघाल्या, आणि आमच्या घरात कपड्यांना इस्त्री कुणीच करत नव्हतं. उरलं ते सगळं चाकांवरच्या घरात बसवलं आणि मी नि माझा नवरा हार्लन ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे निघालो. आमच्यासारखे हजारो म्हातारे हिवाळ्यात तिकडेच जातात. बर्फ उपसायला लागत नाही, एवढं एक कारण पुरेसं असतं.

हार्लनने आयुष्यभर बर्फ हटवायची सरकारी गाडी चालवली. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. म्हणजे आम्ही दोघंही भुताखेतांना मानणारी माणसं नव्हेत. मी तर डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा दुसऱ्यांदा तपासून घेणारी.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही काय शिकलो ते कुणी विचारलं तर मी सांगते, पाणी जपून वापरायला शिकलो. भांडी आधी कागदाने पुसायची आणि मग धुवायची. वाऱ्याचा भरवसा धरायचा नाही, फिरायला जाताना दारावरचं कापडी छत गुंडाळूनच जायचं. दिवसातून तासभर एकमेकांच्या नजरेआड राहायचं, नाहीतर एवढ्याशा जागेत संसार टिकत नाही. पण सगळ्यात अवघड होतं ते गाडी मागे घेणं. हार्लनची मान आखडलेली, त्याला वळून बघता येत नाही. मी मागे उभी राहून हातवारे करायची, तो आत बसून ओरडायचा, आणि आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून मजा बघायचे.

"अगं, नवरा-बायको वेगळे होतात ते यामुळेच," ओपल म्हणाली. ओपल प्रुइट आमची शेजारीण, एकटीच फिरणारी, तोंडाने फटकळ. "वॉकीटॉकी घ्या. तू मागे, तो पुढे, हळू आवाजात बोला. शिव्यासुद्धा हळू आवाजात घालता येतात."

क्वार्ट्झसाइट गावात हिवाळ्यात मोठा बाजार भरतो. तिथल्या जुन्या सामानाच्या एका टेबलावर आम्हाला पिवळ्या रंगाची जोडी मिळाली. विकणारा माणूस डुलक्या काढत होता. घासाघीस करायची वेळच आली नाही.

तेव्हापासून भांडणं थांबली. "ये, ये, थोडा डावीकडे, ये, बस," मी सांगायची आणि तो हुंकार द्यायचा. दुपारच्या उन्हात त्याचा आवाज कानाशी यायचा तेव्हा मला उगाचच लग्नाआधीचे फोन आठवायचे.

पहिली गोष्ट घडली ती एवढी किरकोळ होती की मी ती जवळजवळ विसरलेच. नदीकाठच्या एका तळावर हार्लन गाडी मागे घेत होता. माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी खाली वाकले. वॉकीटॉकी कमरेला होता. मान वर केली तर गाडी थांबलेली. मागच्या चाकाला लागून गवतात एक सिमेंटचा खुंट होता. मला तो दिसलाच नव्हता.

"बरं झालं ओरडलीस," हार्लन खाली उतरून म्हणाला.

"मी कुठे ओरडले?"

"थांब, थांब म्हणालीस की."

"दुसऱ्या कुणाची तरी बायको असेल," मी म्हणाले. तळावर सगळ्यांकडेच असले सेट असतात. आम्ही चॅनल बदललं आणि विषय संपला.

दुसऱ्या वेळी मी गाडीत एकटी होते. हार्लन ओपलच्या गाडीचं चाक बदलायला गेला होता. मी कांदा चिरत होते, नाक सर्दीने गच्च. ओट्यावरचा सेट खरखरला आणि हार्लनचा आवाज आला. "व्हर्ना, गॅस बंद कर. बाहेर ये."

त्या आवाजात घाई नव्हती. खूप वेळ रांगेत उभं राहिलेला माणूस बोलतो तसा थकलेला होता तो. मी गॅस बंद करून बाहेर आले. हार्लन ओपलच्या गाडीखाली आडवा पडला होता, दोन्ही हात ग्रीसने काळे.

"मला बोलावलंस?"

"कशानं बोलावणार? माझा सेट आपल्याच गाडीत आहे, पुढच्या कप्प्यात."

मी परत गेले, साबणाचं पाणी करून शेगडीमागच्या नळीवर लावलं आणि गॅस क्षणभर उघडला. जोडाजवळ बुडबुडे आले, मोठे आणि सावकाश. गॅस गळत होता, आणि सर्दीमुळे मला वासच आला नव्हता. पुढचा कप्पा उघडला. त्याचा सेट तिथेच होता, बंद.

त्या संध्याकाळी आम्ही ओपलला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती आपल्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"फेकून द्यावेत का?" मी विचारलं.

"का? तुमचं वाईट केलंय का त्यांनी?" ती म्हणाली. "कुणी का असेना. आभार मानायला काय जातं तुमचं?"

हार्लनला ते पटलं. तेव्हापासून गाडी लावून झाली की तो बटण दाबायचा आणि म्हणायचा, "आभारी आहोत हं." मी त्याला हसायची. पण हसून झाल्यावर मीही म्हणायची.

फेब्रुवारीत आम्ही कोफाच्या डोंगरांच्या पायथ्याला गेलो. गावापासून दूर, फुकटची सरकारी जमीन, पाणी नाही की वीज नाही. एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, काठाला लागून, एक जुनं झाड सावली धरून होतं. खालची वाळू सपाट होती. चाकांखाली लाकडाची फळीसुद्धा घालावी लागली नाही. ओपलने आपली गाडी वर माळावर लावली आणि आम्हालाही बोलावलं. "रात्रीपुरतं राहतो, उद्या येऊ वर," हार्लन म्हणाला. सावलीला आम्ही भुललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तो टोपी तोंडावर घेऊन आत आडवा झाला. मी ओढा ओलांडून पलीकडच्या टेकडीवर गेले. माझा तो नजरेआडचा तास. आकाश निळंशार होतं. फक्त उत्तरेला, फार लांब, डोंगरमाथ्यावर करड्या रंगाचा एक डाग होता. परतताना वाऱ्याबरोबर ओला वास आला, डांबर आणि माती एकत्र उगाळल्यासारखा. वाळवंटातली झुडपं भिजली की येतो तो. आणि इथे तर पायाखाली धूळ उडत होती.

मी ओढ्याच्या काठावर आले. एक पाय उतारावर टाकला.

"व्हर्ना, खाली उतरू नकोस."

सेट माझ्या कमरेला होता. आवाज हार्लनचाच.

"तिथंच थांब. तुझ्या पाया पडतो, उतरू नकोस."

तो रडत होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं, त्याची आई गेली तेव्हाही नाही. माझा पाय तसाच राहिला.

समोर आमची गाडी सुरू झाली. दार उघडं, पायपुसणं दाराला अडकून फरफटत, आणि गाडी काठाचा चढ चढायला लागली. खुर्च्या झाडाखाली तशाच राहिल्या. मागची चाकं वाळूत फिरली, रुतली, पुन्हा फिरली. मग ती वर गेली.

मग आवाज आला, खडीचा ट्रक कुणी ओतावा तसा. तो थांबेचना.

पाणी आलं ते पाण्यासारखं दिसत नव्हतं. काटक्या, झुडपं, शेवाळी फेस, एक अख्खं झाड, सगळं लोळत पुढे येत होतं आणि त्याच्या मागे तपकिरी पाणी. आमच्या खुर्च्या दिसेनाशा झाल्या. झाडाचं खोड अर्ध्यावर बुडालं. मी उभी होते तिथे माझ्या बुटांवर चिखल उडाला.

पलीकडच्या काठावर हार्लन गाडीतून उतरला. अनवाणी होता. त्याने हात वर केला, मी हात वर केला. ओरडून काही ऐकू येणार नव्हतं. मी बटण दाबलं.

"हार्लन, बरा आहेस?"

"बरा आहे." त्याचा आवाज साधा, नेहमीचा, जरा धापा टाकणारा. "तू उठवलंस म्हणून."

"मी नाही उठवलं."

पाणी वाहत होतं.

"तू रडत होतीस, व्हर्ना," तो म्हणाला. "गाडी वर घे, गाडी वर घे म्हणत होतीस. हुंदके देत होतीस."

"तूही रडत होतास," मी म्हणाले.

दिवस मावळायच्या आत ओपल लांबच्या रस्त्याने वळसा घालून मला घ्यायला आली. पलीकडे पोचले तेव्हा हार्लनने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. ओपलने तोंड फिरवून आपल्या कुत्र्याला उगाचच दटावलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला मला मोठे शब्द सापडत नाहीत. सकाळची कॉफी, भांडी पुसणं, हार्लनचं घोरणं. मी रात्रभर ते घोरणं ऐकायची आणि कूस बदलायची नाही. लोक विचारतात, निवृत्तीत वेळ कसा जातो? मला तो जातो याचंच वाईट वाटतं. आम्ही कशाला पात्र होतो ते ठाऊक नाही, पण आम्हाला मिळालं.

मार्चच्या सुरुवातीला, परतायच्या आधी, एका संध्याकाळी आम्ही माळावर नव्या खुर्च्या टाकून बसलो होतो. ऊन निवडुंगांच्या माथ्यावर उरलं होतं. त्याचा सेट मधल्या टेबलावर, माझा मांडीवर. दोन्ही चालू ठेवायची आम्हाला सवय झाली होती.

टेबलावरचा सेट खरखरला.

"व्हर्ना? कुठे आहेस? आरशात दिसत नाहीस."

हार्लनचा आवाज. हार्लन माझ्या शेजारी बसला होता, कप ओठांना लावलेला.

"व्हर्ना, बोल ना. किती वेळ झाला."

मी हात पुढे केला. हार्लनने माझं मनगट धरलं. "तू नको," तो म्हणाला. त्याने सेट उचलला, जरा वेळ हातात धरला आणि बटण दाबलं.

"ती इथं आहे," तो म्हणाला. "माझ्याजवळ. सुखरूप आहे."

नुसती खरखर.

"खरंच?"

"खरंच. तुमच्यामुळे."

"मग बरं," तो आवाज म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "गारठा पडेल आता. तिला शाल दे."

हार्लनने सेट टेबलावर ठेवला. त्याचे डोळे भरले होते. तो उठून शाल आणायला आत गेला.

तेवढ्यात माझ्या मांडीवरचा सेट खरखरला.

"कुणी आहे का?"

तो माझा आवाज होता. घोगरा, बोलून बोलून बसलेला.

"हार्लन आहे का तिथं? वर आला ना तो?"

मी दाराकडे पाहिलं. हार्लन शाल घेऊन पायऱ्या उतरत होता. मी बटण दाबलं. "आला," मी म्हणाले. "आहे इथं."

पलीकडून एक मोठा सुस्कारा आला. टेबलावरच्या सेटमधून त्याच वेळी पुन्हा त्या दुसऱ्या हार्लनचा आवाज आला, "व्हर्ना?" आणि माझ्या मांडीवरून, हळूच, "हार्लन?"

कुठल्यातरी दुसऱ्या दुपारी त्याची व्हर्ना ओढ्यात उतरली होती, आणि आणखी कुठल्या दुपारी तिचा हार्लन वर आलाच नव्हता. दोन्ही सेटमध्ये वीतभर अंतर होतं. ते दोघं एकमेकांना हाका मारत होते, आणि दोघांपैकी कुणालाच ऐकू जात नव्हतं.