डोळे एकदाच उघडतात

पहिल्याच भेटीत त्याने माझ्या घोड्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला होता.

घोडा मातीचा, ओला, माझ्या खांद्याएवढा उंच. मी तळ्यावरून मातीची पाटी घेऊन अंगणात आले, तर एक सावळा, उंच माणूस लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचून त्याच्यापाशी वाकलेला.

"आत काही हरवलंय का?" मी विचारलं.

तो दचकला. हात काढताना त्याची चार बोटं घोड्याच्या बरगडीवर उमटली.

"नाही... पोकळ आहे का बघत होतो."

"पोकळ नसला तर भट्टीत फुटतो. तुम्ही मात्र भरीव लिहिलाय. पान एकशे बारा."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या चिखलाने भरलेल्या हाताकडे. पुस्तकाच्या मागच्या फोटोवरून मी त्याला केव्हाच ओळखलं होतं. सेंबियन. दोन कादंबऱ्या, दोन सिनेमे, सगळे खेड्यांवर. खेडं कळावं तर सेंबियनला, असं अख्खा तमिळनाडू म्हणायचा. आता दुसऱ्या कादंबरीवर सिनेमा काढायला तो आमच्या कुरुंदनकुडीत आला होता. गोष्ट एका कुंभारणीची, म्हणून त्याला गावाची राखण करणाऱ्या अय्यनार देवाचा घोडा हवा होता. आमच्याकडे घोडे कुंभारच घडवतात आणि अय्यनारची पूजाही कुंभारांकडेच. अप्पांचे गुडघे गेल्यापासून तीन वर्षं घोडे मीच करत होते. मी, अळगुनाच्ची.

"आणखी काय काय चुकलंय माझं?" त्याने विचारलं.

"पुस्तकात की सिनेमात?"

"सिनेमापासून सुरू करा. तो लहान आहे."

"पहिल्या सिनेमातली बाई शेवटपर्यंत उजव्या कमरेवर घागर घेते. उजवा हात मोकळा नको? वाटेतल्या बाभळीच्या फांद्या कोण बाजूला करणार, तुमचा कॅमेरामन?"

"एकाही समीक्षकाने हे लिहिलं नाही."

"ते पाणी भरत नसतील."

तो हसला. छान हसायचा... उगाच कशाला लपवू?

मग रोज शूटिंग संपलं की स्वारी आमच्या अंगणात हजर. निमित्त घोड्याचं. अप्पा ओसरीवरून म्हणायचे, "नाच्ची, त्या सरांना सांग, घोडा वाळतोय. पळून जाणार नाही." मी काही सांगितलं नाही.

एका दुपारी अवचित ढग आले. घोडा अजून भट्टीत जायचा होता. एका बाजूने मी ताडपत्री धरली, दुसऱ्या बाजूने त्याने. वर टपटप पाऊस, खाली आम्ही दोघं आणि मध्ये घोडा. त्याचे केस भिजून कपाळावर आले होते. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं, पण ताडपत्रीखाली दुसरीकडे म्हणजे कुठे?

"सगळा घोडा गुळगुळीत केलात," तो म्हणाला, "हे चार ठसे तेवढे ठेवलेत."

"वेळ नाही मिळाला."

"पंधरा दिवसांत?"

"ताडपत्री नीट धरा, सर. पाणी गळतंय."

पाणी कुठेही गळत नव्हतं.

घोडा भाजून भट्टीतून निघाला आणि भांडण झालं, ते शेवटच्या प्रसंगावरून. कादंबरीत कुंभारणीचा नवरा जातो आणि ज्या अय्यनारने त्याला राखलं नाही, त्याचा घोडा ती मुसळाने फोडते. त्या अध्यायाला मोठं बक्षीस मिळालं होतं. तोच त्याला पडद्यावर हवा होता.

"डोळे रंगवून द्या," तो म्हणाला, "मग फोडतो."

"डोळे उघडले की तो अय्यनारचा होतो. त्याआधी नुसती माती. मातीचा हवा तर खुशाल फोडा."

"बिनडोळ्यांचा फोडला तर पडद्यावर माठ फुटल्यासारखं दिसेल."

"मग माठच फोडा, मी देते."

त्या दिवशी तो चहा न घेताच गेला. दुसऱ्या दुपारी परत आला आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. एका दिवसाचं शूटिंग उरलं होतं. परवा सगळे चेन्नईला जाणार होते. तोही. माझ्या हातात कुंचला होता आणि काहीच रंगवायचं सुचत नव्हतं.

"नाच्ची," तो म्हणाला, "खरं सांग. ती काय करेल?"

'तुम्ही' सुटलं होतं. मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"माझी अम्मा गेली, त्याच महिन्यात अप्पांनी नवा घोडा केला. डोळे उघडले आणि समोर उभे राहून म्हणाले, आता बघ माझ्याकडे. रागावलेला माणूस डोळे फोडत नाही, सर. ज्याने बघितलं नाही, त्याला बघायला लावतो."

तो भातातला खडा ताटाच्या कडेला काढून ठेवावा तसा शांतपणे म्हणाला, "म्हणजे माझा शेवटचा अध्याय खोटा आहे."

"पाठ आहे मला. सुंदर आहे. पण खोटा आहे."

तो उठून निर्मात्याला फोन करायला गेला. परत आला तेव्हा कान लाल होते आणि चेहरा हसरा.

"घोडा फोडायचा नाही. डोळे उघडायचे. पण नटीचे हात कुंभारणीचे नाहीत. तुझे हात लागतील."

"हात देते. पण खोटं खोटं करणार नाही. तुम्ही म्हणे सतरा-सतरा टेक घेता?"

"अठरा."

"इथे एकच. डोळे दोनदा उघडत नाहीत."

सकाळी तळ्याकाठच्या राईत अख्खं गाव जमलं. घोड्याची पहिली नजर माणसावर पडू नये म्हणून समोर आरसा धरतात. ते काम अप्पांचं, पण त्यांना उभं राहवेना. तेव्हा सेंबियनने शूटिंग मदतनिसाच्या हवाली केलं आणि आरसा स्वतः धरला.

मी बाजूला उभी राहून कुंचला काळ्यात बुडवला. आधी उजवा डोळा, मग डावा. घोड्याने बघितलं. बायकांनी जीभ हलवत 'उलुलु' असा कुलवैचा मंगल गजर केला, मग गजर थांबून सगळीकडे शांतता झाली.

मी मान वर केली. आरशाच्या कडेवरून तो माझ्याकडे बघत होता. एक डोळा मिटून, बोटांची चौकट करून जग बघायची त्याला सवय होती. आज दोन्ही डोळे उघडे होते. हा उद्या जाणार आणि मी काय, माठ घडवत बसणार? मला ते मंजूर नव्हतं.

"आता बघ माझ्याकडे," मी म्हणाले.

गावाला वाटलं, घोड्याला म्हणाले.

"बघतोय," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

कॅमेरा चालूच होता. मदतनीस कुजबुजला, "सर... कट म्हणा ना."

"म्हणवत नाही रे."

शेवटी अप्पांनीच काठी आपटली. "कट," ते म्हणाले. "नाच्ची, सरांना विचार, जेवायला थांबणार का?"

"थांबणार," त्याने परस्पर सांगितलं.

"किती दिवस?" अप्पांनी विचारलं.

त्याने आरसा खाली ठेवला. घोड्यापाशी आला आणि रंगाखाली तसेच राहिलेल्या त्या चार ठशांवर आपली चार बोटं ठेवली.

"हे बुजेपर्यंत."

भट्टीत भाजलेला ठसा बुजत नाही, हे अप्पा त्याला बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्याला ते ठाऊक होतं. पान एकशे तेरावर त्याने तेवढं बरोबर लिहिलं होतं.