तिसरी हरकत

सोसायटीच्या हॉलच्या दारात नीरजाचा पाय कोथिंबिरीच्या जुडीवर पडला. वर बघते तर एक उंचापुरा तरुण गालातल्या गालात हसत उभा.

“असू द्या, तुडवल्यावर वास जास्त येतो,” तो म्हणाला.

माणूस गोड बोलला की नीरजाला आधी शंका येई. हा तर फारच गोड बोलत होता!

तो मांजरी गावचा सर्जेराव. मांजरीचे शेतकरी आणि कोथरूडची काही घरं मिळून भाजीचा एक गट चालवत. तिथे मतदान नसे. ठराव मांडला की एकेकाला विचारायचं, हरकत आहे का? एकाचीही असली तरी ठराव थांबे. मात्र हरकतीला खरं कारण लागे, आणि ती घेणाऱ्याने ठराव मांडणाऱ्यासोबत बसून पुढच्या बैठकीपर्यंत वाट काढायची.

त्या दिवशी नीरजाने कापडी पिशव्यांचा ठराव मांडला. हडपसरच्या बायडाबाई आणि चार जणी शिलाई मशिनी तयार ठेवून होकाराची वाट बघत होत्या. एकवीस जण “हरकत नाही” म्हणाले. बाविसावा सर्जेराव.

“हाय. ओली मेथी कापडात सडते.”

नीरजाने जाळीचं कापड शोधलं, नमुने त्याला दिले. पुढच्या खेपेला त्याची हरकत, पिशवीचे बंद लांब. त्यानंतर रंग गडद. दर वेळी दोघं सोबत बसत. तो चहा आणी आणि ती तावातावाने बोलत असताना नुसता बघत राही… तिला ते आवडे, आणि आवडतं म्हणूनच संशय वाढे. हा एखाद्या प्लास्टिक पिशव्यांच्या व्यापाऱ्याला तर मिळालेला नाही?

एका रविवारी ती न कळवता मांजरीला जाऊन धडकली. शेडमध्ये मेथीच्या टवटवीत जुड्या… तिच्याच पिशव्यांत!

“लई चांगल्या हायत बघा,” सर्जेरावची आई मुक्ताबाई कौतुकाने म्हणाली. “महिना झाला, एक पान काळं पडलं न्हाई.”

नीरजाने सर्जेरावला बांधावरच गाठलं. “म्हणजे हरकती खोट्या होत्या?”

“पयली खरी व्हती. बाकीच्या दोन…” तो अडखळला. “त्याबिगर तुमच्यासंगं बसायला कसं मिळालं असतं?”

“तिकडे पाच बायका हातावर हात ठेवून बसल्यात, आणि तुम्हाला हे सुचतंय?” ती कडाडली. रागातही काळजात काहीतरी सुखावलं, म्हणून ती स्वतःवरच जास्त चिडली.

पुढच्या बैठकीत सर्जेराव आपणहून उभा राहिला. “माझ्या दोन हरकती खोट्या व्हत्या. नीरजाबाईंशी बोलायला मिळावं म्हणून घेतल्या.”

निवृत्त मास्तर गोपाळकृष्ण खाकरले. “चला, महिनाभर आम्ही पिशवीच्या बंदांवर चर्चा करत होतो.”

पिशव्या मंजूर झाल्या. मग सर्जेरावने स्वतःचाच ठराव मांडला, तीन महिने आपल्याला बैठकीला बसू देऊ नये. शिक्षा रास्तच होती. कुणाचीच हरकत नव्हती. शेवटी नीरजाची पाळी आली.

“माझी… आहे.”

बैठक चालवणाऱ्या आनंदीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “कारण? आणि खरं सांगायचं हं.”

नीरजाचे कान तापले. बावीस जोडी डोळे तिच्यावर होते, पण तिने एकाच जोडीकडे पाहिलं.

“यांच्यावर माझा अजून काडीचाही विश्वास नाही,” ती म्हणाली. “पण तीन महिने हे दिसले नाहीत, तर… मला करमणार नाही.”