तारांवरचा हात

कोणी विश्वास ठेवावा म्हणून मी हे सांगत नाही. घडले तसे सांगते. ज्याला पटणार नाही, त्याने खुशाल सोडून द्यावे.

गेल्या वर्षीची गोष्ट. भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरची आमची मागची खोली.

नात संगीत महाविद्यालयात रॉक गिटार शिकते. घरात सर्वांचा विरोध होता, माझा नव्हता. त्यामुळे विषय तिथेच संपला. मात्र नापास झाली तर शिक्षण बंद, असे तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, बजावले होते. प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

आणि पोर हातपाय गाळून बसली होती.

"आजी, मी उद्या जाणार नाही. ही जुनी गिटार दुकानातून आणल्यापासून रिफ, म्हणजे ती पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, मध्येच मरते. कोणीतरी तारा दाबून धरतंय."

"कोण?"

"दिसलं असतं तर सांगितलं नसतं का?"

"तुझीच बोटं ढिली पडत असतील."

"मग बस इथे. स्वतःच ऐक."

मी बसले.

तिने ॲम्प लावला. आवाज मोठा करणारा तो खोका बारीक घूं घूं करू लागला. तिने तारांवर तळवा ठेवला, घूं थांबली. उचलला, पुन्हा सुरू.

"तारांना माणसाचा हात लागला की हा आवाज थांबतो. कळलं?"

मग गिटार स्टँडवर ठेवून ती माझ्याजवळ येऊन बसली. तिचे दोन्ही हात माझ्या हातांत होते.

घूं... घूं...

आणि आवाज थांबला.

पंखा फिरत होता. ॲम्पचा दिवा जळत होता. गिटारजवळ कोणीही नव्हते...

घूं सुरू झाली. पुन्हा थांबली.

कोणीतरी हात ठेवत होते... काढत होते... ठेवत होते.

मी नातीचे हात सोडले. मी उठून उभी राहिले.

"कोण आहेस ते मला ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची हौसही नाही. तुझं वाजवायचं राहून गेलं असेल, त्यात हिचा काय दोष? हात ठेवायचाच असेल तर माझ्यावर ठेव. पोरीच्या वाटेत आलास, तर माझ्याशी गाठ आहे!"

"आजी, असं नको बोलूस!"

बोलून झाले होते...

घूं परतली. माझ्या डाव्या हाताभोवती काहीतरी थंड आवळले गेले.

"काय बघतेस? वाजव!"

तिने वाजवले. एकही सूर मेला नाही. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी छताला काठी ठोकली, तीही मला त्या दिवशी तालात वाटली.

ती उत्तीर्ण झाली. मुलाने निकाल दोनदा वाचला आणि मुकाट्याने जेवायला बसला.

मी आजवर गिटारला बोट लावलेले नाही. परवा नातीने सहज माझा डावा हात हातात घेतला आणि चमकली. चारही बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते.

"आजी... हे महिनोन् महिने तारा दाबल्याशिवाय पडत नाहीत. तू कधी वाजवतेस?"

मी हात पदराखाली घेतला.

शब्द दिला आहे, तो मागे घेणार नाही. पडू देत घट्टे. फक्त आताशा मी डावा हात उशीखाली दाबून झोपते...

सकाळी तो बाहेर असतो, बोटांवर तारांचे ताजे वळ घेऊन.